काठोकाठ पातेलं

त्या इस्पितळात एक सिस्टर होती. तिला सगळे झटपट म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतंच, पण ते वाचून होईपर्यंत ती पुढच्या वॉर्डात गेलेली असे. पेशंट बाही वर करायला लागायचा, तोवर हिचं इंजेक्शन देऊन, कापूस दाबून झालेलं असायचं, आणि "सिस्टर, जरा हळू द्या हं," हे तो बिचारा समोरच्या भिंतीला सांगत राहायचा. शीर सापडत नाही म्हणून डॉक्टरांनी हात टेकले की झटपटला बोलावणं यायचं. ती नुसती खाटेजवळ आली तरी शिरा आपणहून वर येतात, असं वॉर्डातल्या आया शपथेवर सांगत. एका दुपारी तिने अख्ख्या रांगेच्या चादरी बदलल्या आणि झोपलेल्यांपैकी एकानेही कूस बदलली नाही. एक म्हातारबाबा तेवढे उठल्यावर म्हणाले, माझी खाट मघाशी खिडकीजवळ नव्हती. आता यात कुणी चिमूटभर मीठ जास्त टाकलं असेलही, पण भाजी मुळात होतीच.

तर अशा या झटपटच्या मनाने घेतलं, की आपण आता शिकवायचं. नव्या पोरी येतात, भांबावतात, रडतात. त्यांना कुणीतरी धड शिकवायला हवं. नर्सिंग कॉलेजात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी लागते. तिने प्रवेश परीक्षा दिली, अभ्यासाची रजा काढली, आणि केसांत पांढरी बट आलेली असताना पुन्हा बाकावर जाऊन बसली. शिकवायचं कसं, हेही शिकावं लागतं आणि त्याची पुस्तकं औषधशास्त्रापेक्षा जाड असतात, हे तिथे कळलं. पाठाचं टिपण कसं लिहायचं, उद्दिष्टं कशी मांडायची, प्रश्नपत्रिका अवघड किती आणि सोपी किती ठेवायची, शिकताना माणसाच्या डोक्यात नक्की काय हलतं, सगळं तिने भराभरा घोटलं. लेखी परीक्षेत तिचा पेपर सगळ्यांच्या आधी पूर्ण व्हायचा आणि उरलेला वेळ ती शेजारणीच्या पेनात शाई आहे ना ते बघायची.

अडलं ते नेमकं जिथे अडायचं कारण नव्हतं तिथे. हातांत.

कौशल्य शिकवण्याची रीत अशी असते, की आधी शिक्षिका स्वतः करून दाखवते आणि मग विद्यार्थिनी तेच करते. या दुसऱ्या भागाला पुनर्प्रात्यक्षिक म्हणतात. त्यात शिक्षिकेचं काम एकच, बघत उभं राहायचं. चुकलं तर विचारायचं, सुचवायचं, पण पेशंटला धोका नसेल तर हात लावायचा नाही. वाचायला किती सोपं.

पहिल्या सराव पाठाला बँडेज बांधणं होतं. विद्यार्थिनीने गुंडाळी उचलली, एक वेढा घेतला, दुसरा जरा सैल पडला. तिने वर पाहिलं तेव्हा बँडेज बांधून, टोक खोचून तयार होतं.

मागच्या बाकावर मोठ्या मॅडम निरीक्षणाला बसल्या होत्या. कॉलेजातल्या सगळ्या पाठांना त्याच गुण द्यायच्या. त्यांची एक भुवई पास करते आणि दुसरी नापास, असं मुली म्हणत. त्यामुळे सगळ्या बोलताना मॅडमच्या कपाळाकडे बघायच्या.

"हे बँडेज कुणी बांधलं?" मॅडमनी विचारलं.

"हिने, मॅडम," झटपट म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

"मी नाही, मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली. "मी बांधत होते."

नापास करणारी भुवई वर गेली.

दुसरा सराव पाठ रक्तदाब मोजण्याचा. समोर पहिल्या वर्षाची एक लांब वेणीची मुलगी होती. झटपटच्या वर्गातलीच एक जण पेशंट होऊन हात पुढे करून बसली होती. वेणीवालीने दंडाला पट्टा गुंडाळला तो उलटा. नळ्या कोपराकडे यायच्या त्या खांद्याकडे निघाल्या. तिलाही काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना. ती पट्ट्याला इकडून तिकडून चाचपायला लागली. झटपट उभी होती. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. तिसरा घेतला की नाही ते तिलाही आठवत नाही, कारण तोवर तिचे हात पोचले होते, आणि हातांपाठोपाठ तोंडातून दोन शब्दही निसटले होते.

"बाजूला हो."

पट्टा नीट बसला. वेणीवाली बाजूला झाली. तिचे डोळे भरून आले आणि ती स्टेथोस्कोपची नळी उगाच सरळ करत राहिली.

मोठ्या मॅडमनी नंतर झटपटला आपल्या खोलीत बोलावलं. तिथल्या खुर्चीत बसलं की माणूस आपोआप लहान होतं, अशा बेताची ती खुर्ची होती.

"तुमच्याइतका चांगला हात मी पाहिलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तोच आडवा येतोय. तुम्ही शिकवत नाही. मुलींसमोर स्वतः करून मोकळ्या होता. पुढच्या महिन्यात अंतिम पाठ आहे. तोही असाच झाला तर मला नापास करावं लागेल. मग वर्ष गेलं, रजाही संपली. तुम्ही वॉर्डात परत जाल आणि वॉर्डाचा फायदाच होईल. पण तुम्हाला ते नकोय ना?"

"नकोय, मॅडम."

"विषय रक्तदाबाचाच राहील. आणि मुलगीही तीच."

झटपट घरी आली ती चेहरा पाडून.

घरी दोन माणसं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा. दिवसभर बारीक काम केल्यामुळे घरी आला की मोठं मोठं, म्हणजे पाय पसरणं वगैरे, एवढंच करायचा. आणि सासूबाई. सासूबाईंचं उजवं मनगट मध्यंतरी मोडलं होतं. कसं मोडलं याच्या हकिकती घराघराला वेगळ्या होत्या. दूधवाल्याला त्यांनी स्टुलावरून पडल्याचं सांगितलं. समोरच्या बाईंना, खिडकीतून शिरणाऱ्या चोराची गचांडी धरली म्हणून. प्लास्टर काढायला गेल्या तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, पंजा लढवत होते, समोरच्याचं काय झालं ते विचारू नका. खरं काय ते स्टुलाला माहीत.

प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते, पण हात ताठर राहिला होता. बोटं पुरती मिटायची नाहीत, हात डोक्यापर्यंत जायचा नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. "मी काय रांगतं बाळ आहे?" म्हणून सासूबाईंनी तो कपाटावर फेकला होता, तोही डाव्या हाताने. आणि खरं सांगायचं तर उजव्या हाताचं काही अडतच नव्हतं. सकाळी झटपट यायची, सासूबाईंचे केस विंचरायची, अंबाडा घालायची, आकडे खोचायची आणि आरशातल्या सासूबाई "अगं" म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात कणीक मळायला लागलेली असायची. अंबाडा असा गोल आणि घट्ट, की वाऱ्याने छप्पर उडालं असतं तरी तो जागचा हलला नसता. ब्लाउजची बटणं तीच लावायची. चहाची कपबशी तीच हातात द्यायची. अशी सून बघून समोरच्या बाई उसासे टाकत.

त्या संध्याकाळी झटपटने सगळं सांगितलं. नवरा पाय पसरून ऐकत होता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "हात बांधून टाकायचे."

"परीक्षेत?"

"आधी घरी सवय कर. शिकवायला कोण हवं? आई आहे. पेशंट मी होतो. मला नुसतं बसून राहायचंय ना?"

"मला शिकवणार?" सासूबाई म्हणाल्या. तोंड वाकडं केलं खरं, पण पाय पोटाशी घेऊन सरळ बसल्या. "शिकव की. डॉक्टरने तपासलं की मला आकडे कधी सांगत नाहीत, नुसते हं हं करतात. आता मीच बघते."

झटपटने कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं. नवऱ्याने टॉवेलने तिचे हात पाठीमागे बांधले. सासूबाईंनी लेकाच्या दंडाला पट्टा गुंडाळला तो सैल, थेट कोपरावर. झटपट म्हणाली, "आई, जरा वर." सासूबाईंनी वर म्हणजे छताकडे पाहिलं. पुढे काय झालं ते नवऱ्याने दुकानात सगळ्यांना सांगितलं आणि कुणाला पटलं नाही. झटपट खाली वाकली, हनुवटीने पट्टा वर सरकवला, दातांनी त्याचं टोक ओढलं आणि कपाळाने दाबून चिकटवलं. पट्टा इतका फक्कड बसला, की हातांनीही बसला नसता.

"ही बांधून ऐकणारी नाही," नवरा दंड चोळत म्हणाला.

सासूबाई उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारली, "अगं, हे घेऊन ये. मला उचलत नाही." ओट्यावर एक पातेलं होतं, पाण्याने काठोकाठ भरलेलं. इतकं, की पाणी काठाच्या वर फुगून उभं होतं.

"दोन्ही हातांत धर," सासूबाई म्हणाल्या. "आणि आता शिकव. बघू तुझे हात कुठे जातात ते."

पहिल्याच दिवशी झटपटने तीनदा पातेलं भरलं आणि तीनदा फरशी पुसली. सासूबाईंचा पट्टा घसरला की हात धावायचे आणि निम्मं पाणी नवऱ्याच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी नवरा छत्री घेऊन बसला. त्या आठवड्यात घराची फरशी इतकी धुतली गेली, की तिच्यात तोंड दिसायला लागलं, आणि खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन विचारून गेले, तुमच्याकडे नळ फुटलाय का. सासूबाई त्यांना म्हणाल्या, नळ नाही, सून वाहतेय.

पण सासूबाई शिकत होत्या हे खरं. शिकत म्हणजे काय, पहिल्यांदा त्यांनी स्टेथोस्कोप कानात घातला, रबरी फुगा दाबायचाच विसरल्या, आणि बराच वेळ कान देऊन ऐकून लेकाला म्हणाल्या, "काही ऐकू येत नाही. तू गेलास."

"मग मी आज दुकानात जात नाही," लेक म्हणाला.

"गेलेल्या माणसाने भाजी तरी आणावी."

फुग्याशी मात्र त्यांचं जमेना. तो उजव्या हाताने दाबायचा होता. डाव्या हाताने पेशंटच्या कोपरात स्टेथोस्कोपची चकती धरायची, म्हणजे डावा अडकलेला. उजव्या हाताची बोटं फुग्याभोवती अर्धी मिटायची आणि तिथेच थांबायची. काटा जरासा हलायचा, पुन्हा खाली यायचा.

एका दुपारी नवऱ्याला सुट्टी होती. तो दंड पुढे करून बसल्या बसल्या पेंगत होता. सासूबाईंनी फुगा दाबला. बोटं मिटता मिटेनात. अंगठा थरथरत होता, करंगळी तर नुसती वर उभी होती, कुणीतरी बोलवायची वाट बघत असल्यासारखी. झटपट पातेलं धरून उभी होती. तिला जाता येत नव्हतं, काही करता येत नव्हतं. करण्यासारखं एकच उरलं होतं ते बघणं, म्हणून ती बघत राहिली. आणि तिच्या लक्षात आलं, की प्लास्टर निघाल्यापासून आपण हा हात पाहिलाच नाही. रोज सकाळी आपण या बाईंच्या अंगाला हात लावतो, त्यांना सजवतो, जेवायला वाढतो, आणि त्यांची करंगळी मिटत नाही हे आपल्याला ठाऊक नाही.

पाणी सांडलं नाही. झटपटला ते कळलंही नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "करंगळीला सोडा. बाकीच्या तिघांना मिटू द्या आधी. घाई नाही."

सासूबाईंनी दाबलं. काटा चढला. पुन्हा दाबलं. आणखी चढला. थांबून श्वास घेतला, पुन्हा दाबलं.

"आता बाजूचा स्क्रू जरासा सोडा आणि ऐका. टकटक सुरू होईल तो वरचा आकडा. बंद पडेल तो खालचा."

सासूबाईंचे डोळे काट्यावर होते. अचानक त्यांच्या तोंडावर असं काही आलं, की जणू त्या लेकाच्या घरात नव्हे, त्याच्या आत कुणाचं तरी दार वाजताना ऐकत होत्या.

"वाजतंय," त्या कुजबुजल्या. मग थोड्या वेळाने, "थांबलं." त्यांनी दोन्ही आकडे सांगितले. नवऱ्याचं अगदी ठणठणीत होतं.

"हा पोटात असताना," सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरने असंच कानाला नळी लावून ऐकलं होतं. मला म्हणाला, बाई, पळतंय जोरात. मला काही ऐकू दिलं नाही त्याने. आज ऐकलं बघ."

नवरा पेंगायचा थांबला होता, पण डोळे त्याने मिटूनच ठेवले.

झटपटने पातेलं खाली ठेवलं आणि सासूबाईंसमोर बसली.

"आई, केस तुम्ही स्वतः विंचरून बघायचेत का?"

सासूबाई फुगा दाबत, सोडत राहिल्या.

"खूप दिवसांपासून वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण तू सकाळी येतेस, एवढ्या मायेने करतेस. नको कसं म्हणू? तू अंबाडा घालून गेलीस की मला वाटायचं, गेली बाई, माझा हातही बरोबर घेऊन गेली. उद्या परत आणून देईल, जरासा वापरेल आणि पुन्हा नेईल."

"मग बोलायचं ना."

"बोलायला तू थांबायचीस कुठे?"

झटपट नुसती बसून राहिली, आणि तिचं असं नुसतं बसणं त्या घरात इतकं नवीन होतं, की नवऱ्याने एक डोळा उघडून खात्री करून घेतली.

"मी नवी होते तेव्हा," झटपट म्हणाली, "पहिलंच इंजेक्शन भरत होते. हात कापत होता. मोठ्या सिस्टरने सिरिंज माझ्या हातातून ओढून घेतली. म्हणाली, बाजूला हो. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. तेव्हा ठरवलं, आपण इतकं भराभर करायचं, की कुणाला ओढून घ्यायला वेळच मिळू नये. त्या दिवशी पाठात त्या पोरीला मी तेच म्हटलं, आई. तेच दोन शब्द. ती मुलगी कुठल्या खोलीत जाऊन रडली असेल कोण जाणे."

सासूबाईंनी आपला उजवा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तो पुरता उघडायचा नाही, पुरता मिटायचा नाही, त्यामुळे तो गुडघ्यावर अगदी बरोबर बसला.

"तीच येणार आहे ना पाठाला?"

"हो."

"मग झालं तर. भर ते पातेलं."

अंतिम पाठाच्या दिवशी कॉलेजच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत प्लास्टिकचे पुतळे भिंतीशी ओळीने झोपवले होते आणि बाकांवर झटपटच्या वर्गातल्या बायका बसल्या होत्या. मोठ्या मॅडम मागे, हातात पेन्सिल, समोर गुणांचा तक्ता. पेशंट म्हणून वर्गातली तीच मैत्रीण, हात पुढे करून. वेणीवाली आली ती जमिनीकडे बघत. झटपटने आधी स्वतः रक्तदाब मोजून दाखवला. एवढा हळू, की बाकांवर चुळबुळ झाली. एकीने दुसरीला विचारलं, हिची तब्येत बरी आहे ना.

"आता तू," झटपट म्हणाली. आणि तिला आठवलं, की इथे पातेलं नाही.

हात शिवशिवायला लागले. तिने ते पुढे घेतले, दोन्ही तळवे वर करून, बोटं जराशी वळवून, पोटाच्या उंचीवर. एक न दिसणारं पातेलं धरलं. काठोकाठ भरलं. आणि उभी राहिली.

वेणीवालीने दंडाला पट्टा गुंडाळला. उलटा. नळ्या पुन्हा खांद्याकडे निघाल्या.

मुलगी थांबली. मागच्या वेळेसारखीच ती पट्टा चाचपायला लागली आणि चाचपता चाचपता तिने खांदे आक्रसले. तिला ठाऊक होतं, आता काय होणार. झटपटच्या पातेल्यातलं पाणी एका काठाकडे झुकलं, काठावर फुगून उभं राहिलं, आणि परत आलं.

"वेळ घे," झटपट म्हणाली. "तुला काय दिसतंय, मला सांग."

"काहीतरी चुकलंय, मॅडम."

"बरं. काय काय बरोबर आहे ते आधी बघ."

मुलगी बघायला लागली. पट्टा दंडावर आहे. घट्ट आहे. कोपराच्या वर आहे. खोलीत एवढी शांतता झाली, की पुतळेसुद्धा श्वास रोखून पडल्यासारखे वाटत होते. वेळ जात होता. बाकांवरच्या सगळ्या जणी नर्सा होत्या. उलटा पट्टा बघून प्रत्येकीचे हात मांडीवर वळवळत होते. एकीने तर ते मांडीखाली घातले.

आणि मागे पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला.

मोठ्या मॅडम उठल्या होत्या. आपण उठलो हे त्यांना ठाऊक नसावं. त्या दोन बाकांमधून पुढे आल्या, उजवा हात लांब केला, बोटं पट्ट्याच्या टोकापर्यंत पोचलीच होती.

"मॅडम, बसा ना," झटपट म्हणाली. तिने मान वळवली नव्हती. तिची नजर त्या मुलीवर आणि हात पातेल्यावर होते. "ती करतेय."

इतक्या वर्षांत मोठ्या मॅडमना कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी आपल्या लांब झालेल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसं. मग तो मागे घेतला. जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या दोन्ही भुवया एकदम वर गेल्या, आणि असं झालं तर पास की नापास हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वेणीवालीला यातलं काही दिसलं नाही. ती नळ्यांकडे बघत होती.

"या खाली यायला हव्यात," ती स्वतःशीच म्हणाली. "कोपराकडे." तिने पट्टा सोडला, फिरवला, पुन्हा गुंडाळला. नळ्या खाली आल्या. तिने वर पाहिलं. तिला वाटलं होतं झटपट काही म्हणेल. झटपट नुसती हसत होती, हवेत काहीतरी धरून.

पुढचं तिने सगळं केलं. नाडी चाचपली, फुगा दाबला, ऐकलं. एकदा स्क्रू जास्त सुटला, काटा धाडकन खाली आला. ती म्हणाली, "पुन्हा करते," आणि पेशंटच्या हाताला जरा विसावा देऊन तिने पुन्हा केलं. आकडे सांगितले. झटपटने मग स्वतः मोजून ताडून पाहिले. जुळले. तासाची घंटा झाली तेव्हा फळ्यावर काही लिहायचं राहिलं होतं, सारांश राहिला होता, शेवटचे प्रश्न राहिले होते. वेणीवाली जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी उद्या अजून एकदा करून बघू?"

"कर की," झटपट म्हणाली.

मोठ्या मॅडमच्या खोलीतली ती खुर्ची त्या दिवशीही माणसाला तेवढंच लहान करत होती.

"पाठ अपुरा राहिला," मॅडम म्हणाल्या. "फळा कोरा, सारांश नाही. त्याचे गुण कापलेत."

"हो, मॅडम."

"पुनर्प्रात्यक्षिकाचे पूर्ण दिलेत. पास आहात." त्यांनी तक्त्यावर पेनाने सही केली आणि पेन्सिल बाजूला सारली. मघाशी पडताना तिचं टोक मोडलं होतं. "माझा हात तुम्ही पाहिलात."

"नाही, मॅडम. माझी पाठ होती."

"चांगलं खोटं बोलता. एक विचारते. तुम्ही हातात काय धरलं होतं?"

"पातेलं, मॅडम. पाण्याचं."

झटपट दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"घरी तसलं एखादं जास्तीचं असेल का?"

घरी आली तर नवरा अजून दुकानातच होता. सासूबाई आरशासमोर बसल्या होत्या, केस मोकळे, तोंडात आकडे.

"काय झालं?" त्या आकड्यांमधून म्हणाल्या.

"पास."

"मला ठाऊक होतं. समोरच्या बाईंना मी दुपारीच सांगितलं, पहिली आली म्हणून. आता तेवढं निभावून ने." आणि झटपट पुढे येतेय हे आरशात दिसताच, "थांब. हात लावायचा नाही."

झटपट आत गेली. पातेलं भरलं, दोन्ही हातांत धरलं आणि येऊन चटईवर बसली.

सासूबाईंचा उजवा हात वर निघाला. खांद्यापाशी अडला. थोडं थांबून पुन्हा निघाला. कानापाशी पोचला. त्यांनी मान वाकडी केली, डोकंच हाताकडे नेलं, आणि बोटांनी केस धरले. तीन बोटांनी, करंगळी बाहेरच. एक पेड सुटला. तो पुन्हा घेतला. एक आकडा जमिनीवर पडला आणि झटपटच्या पायाशी येऊन थांबला. तिने तो उचलला नाही. सासूबाई वाकल्या, स्वतः उचलला, फुंकला, खोचला.

अंबाडा झाला. तो डाव्या कानाकडे कलला होता, एका बाजूने फुगला होता आणि त्यातून दोन बटा बाहेर डोकावत होत्या. वाऱ्याची गरज नव्हती, कुणी जोरात शिंकलं असतं तरी तो सुटला असता. सासूबाईंनी आरशात आधी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या.

"कसा आहे?"

"तुमचा आहे," झटपट म्हणाली.

तिने पातेलं अगदी स्थिर धरलं होतं. हात जराही हलले नव्हते. पण वरून पाण्यात एक थेंब पडला, आणि पातेलं काठोकाठ असल्यामुळे बरोबर तेवढंच पाणी फरशीवर सांडलं.

सासूबाईंनी ते आरशातून पाहिलं.

"फडकं मी आणते," त्या म्हणाल्या. "तू बस."